शांततेच्या नावाने : उपग्रहविरोधी अस्त्रांचा आणि शब्दांचा इतिहास

शस्त्रांच्या इतिहासात उपग्रहविरोधी अस्त्राइतके विलक्षण प्रकरण क्वचितच आढळेल. अमेरिका, सोव्हिएत संघ व त्याचा वारस असलेला रशिया, चीन आणि भारत या चार राष्ट्रांनी हे अस्त्र सिद्ध केले; परंतु त्याने शत्रूचा एकही उपग्रह आजवर पाडलेला नाही. ज्याने बाण सोडला त्याने आपलाच उपग्रह फोडला आणि फुटलेल्या उपग्रहाचे तुकडे मात्र सर्वांच्या वाटेत विखुरले. युद्ध न होता ज्याचे परिणाम युद्धासारखे सर्वांना भोगावे लागतात, असे हे अस्त्र आहे.

आम्ही साहित्याचे अध्यापक. क्षेपणास्त्रांचे गणित हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या विषयाकडे आम्ही वळलो याचे कारण असे की, हा इतिहास जितका अग्निबाणांचा आहे तितकाच शब्दांचाही आहे. प्रत्येक चाचणीला ती करणाऱ्याने काही वेगळेच नाव दिले. कधी तो वैज्ञानिक प्रयोग होता, कधी सुरक्षेचा उपाय, कधी केवळ क्षमतेची प्रचीती. अवकाशाविषयीचे करार ज्या शब्दांवर उभे आहेत, ते ‘शांततापूर्ण’ आणि ‘शस्त्र’ हे दोन शब्दच अर्थाने सर्वांत डळमळीत आहेत. शब्दाच्या अर्थाचा काथ्याकूट हा साहित्याच्या वर्गातला निरुपद्रवी उद्योग समजला जातो. प्रस्तुत प्रकरणात त्याच काथ्याकुटावर पृथ्वीभोवतीच्या कक्षांचे भवितव्य अवलंबून आहे.

१

पहिला कृत्रिम उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ रोजी उडाला. त्याला पाडण्याची विद्या शोधायला दोन वर्षेही लागली नाहीत, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १३ ऑक्टोबर १९५९ रोजी अमेरिकेने बी-४७ या बॉम्बफेकी विमानातून ‘बोल्ड ओरायन’ नावाचे क्षेपणास्त्र सोडले आणि ते आपल्याच ‘एक्सप्लोरर-६’ या उपग्रहापासून सुमारे साडेसहा किलोमीटरांवरून गेले. एवढ्या अंतराला नेम चुकला असे कोणी म्हणेल. परंतु त्या काळी डोक्यात होते ते अण्वस्त्र, आणि अण्वस्त्राला साडेसहा किलोमीटर म्हणजे जवळच.

अण्वस्त्र आकाशात फुटले तर काय होते, याचे उत्तर ९ जुलै १९६२ रोजी मिळाले. प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावरून उडवलेला १.४ मेगाटनांचा बॉम्ब सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फोडण्यात आला. या प्रयोगाचे नाव ‘स्टारफिश प्राइम’. सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर तेव्हा ८ जुलैची रात्र होती. आकाश रंगणार हे आधीच जाहीर झालेले असल्यामुळे होनोलुलूत लोक हॉटेलांच्या गच्च्यांवर जमले होते. आकाश रंगले, आणि त्याच वेळी शहरातील काही रस्त्यांवरचे दिवे गेले, धोक्याच्या घंटा वाजू लागल्या. खरा परिणाम मात्र डोळ्यांना दिसणारा नव्हता. स्फोटातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले, किरणोत्सर्गाचा एक कृत्रिम पट्टा तयार झाला आणि पुढील काही महिन्यांत अनेक उपग्रह त्यात निकामी झाले. ब्रिटनचा पहिला उपग्रह ‘एरिअल-१’ त्यांपैकी एक. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी उडालेला दूरचित्रवाणीचा दूत ‘टेलस्टार’ही त्याच पट्ट्याने जर्जर होऊन १९६३ च्या आरंभी कायमचा मुका झाला.

म्हणजे अवकाशातील अस्त्राचा पहिला मोठा फटका कोणाला बसला? प्रतिस्पर्ध्याला नव्हे, मित्राला आणि स्वतःला. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज या एका घटनेत आहे. त्या वर्षी सोव्हिएत संघानेही कझाकस्तानवरच्या आकाशात असेच स्फोट केले. उभयपक्षी शहाणपण येऊन ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अंशतः अणुचाचणीबंदीचा करार झाला. वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या करण्यास त्याने मनाई केली.

चाचणी थांबली, अस्त्र थांबले नाही. त्याच जॉन्स्टन बेटावर १९६४ पासून ‘थोर’ क्षेपणास्त्रे अण्वस्त्रांनिशी सज्ज ठेवण्यात आली. शत्रूचा उपग्रह पाडणे हेच त्यांचे काम, आणि १९७५ पर्यंत ही व्यवस्था चालू होती.

२

या पार्श्वभूमीवर २७ जानेवारी १९६७ रोजी सह्यांसाठी खुल्या झालेल्या बाह्य अवकाश कराराचे वाचन केले पाहिजे. संहितेचे बारकाईने वाचन करण्याची सवय असलेल्या आमच्या वाचकांना त्याचे चौथे कलम उद्बोधक वाटेल. हे कलम दोन भागांत आहे. पहिल्या भागात अण्वस्त्रे किंवा सामूहिक संहाराची अन्य शस्त्रे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवणार नाही, अशी राष्ट्रांची हमी आहे. दुसऱ्या भागात चंद्र आणि अन्य खगोलांचा वापर केवळ शांततापूर्ण हेतूंसाठीच होईल, असे म्हटले आहे.

आता जे लिहिलेले नाही ते पाहावे. ‘केवळ शांततापूर्ण’ हे शब्द चंद्राला लागू आहेत. पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या पोकळीला नाहीत. कक्षेत ठेवायला बंदी आहे ती सामूहिक संहाराच्या शस्त्रांना. साध्या स्फोटकांना किंवा नुसत्या धडकेने फोडणाऱ्या लोखंडाच्या गोळ्याला नाही. आणि बंदी ‘ठेवण्याला’ आहे. जमिनीवरून उडून कक्षेतील वस्तू फोडून येणाऱ्या अस्त्राविषयी कलम मूक आहे. जॉन्स्टन बेटावरची क्षेपणास्त्रे या कराराने बेकायदेशीर ठरली नाहीत, ती याच मौनामुळे. करार करणाऱ्यांच्या हातून ही वाक्ये निष्काळजीपणाने लिहिली गेली, असे मानण्याचे कारण नाही. ज्याला जे राखायचे होते, त्याने तेवढी जागा वाक्यात मोकळी सोडली.

‘शांततापूर्ण’ या शब्दाचेही तसेच. सोव्हिएत बाजू आरंभी त्याचा अर्थ ‘लष्कराचा संबंध नसलेला’ असा लावी. अमेरिकेने अर्थ लावला तो ‘आक्रमक नसलेला’ असा. दुसरा अर्थ घेतला की हेरगिरीचे उपग्रह शांततापूर्ण ठरतात. दोघांनाही हेरगिरी करायचीच होती, त्यामुळे कालांतराने दुसराच अर्थ व्यवहारात रूढ झाला. भारतीय वाचकाला या अर्थविस्ताराचे नवल वाटू नये. १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला, त्याला आपणही ‘शांततामय अणुस्फोट’ असेच म्हटले होते.

३

सोव्हिएत संघाने वेगळी वाट धरली. त्यांचे अस्त्र हाच एक उपग्रह होता. तो कक्षेत जाई, एक-दोन प्रदक्षिणांत लक्ष्याच्या जवळ सरके आणि स्वतः फुटून छऱ्यांचा वर्षाव करी. १९६८ मध्ये हा प्रयोग प्रथम यशस्वी झाला आणि मध्ये काही वर्षांचा खंड पडून १९८२ पर्यंत अशा सुमारे वीस चाचण्या झाल्या. या चाचण्यांना जाहीर नाव नव्हते. शिकारी आणि सावज दोघेही ‘कोसमॉस’ आणि एक आकडा एवढ्याच नावाने नोंदले जात. हवामानाचा उपग्रहही कोसमॉस, मारेकरीही कोसमॉस. नाव देऊन लपवण्याऐवजी एकच नाव सर्वांना देऊन लपवण्याची ही पद्धत होती.

१९७८-७९ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात उपग्रहविरोधी अस्त्रांवर बंदी घालण्याविषयी बोलणी झाली. हेलसिंकी, बर्न आणि व्हिएन्ना येथे तीन फेऱ्या होऊनही ‘उपग्रहविरोधी अस्त्र’ कशाला म्हणायचे यावर एकमत झाले नाही. सोव्हिएत बाजूचा आक्षेप अमेरिकेच्या त्या वेळी तयार होत असलेल्या अंतराळ विमानाला, म्हणजे स्पेस शटलला होता. जे यान कक्षेतला उपग्रह हाताने उचलून आणू शकते, ते शस्त्र नव्हे काय? १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि बोलणी तशीच राहिली.

२३ मार्च १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रांपासून संरक्षण देणाऱ्या कवचाची कल्पना मांडली. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी दुसऱ्याच दिवशी तिची संभावना करताना १९७७ च्या एका लोकप्रिय चित्रपटाचे नाव वापरले आणि ते नाव योजनेला कायमचे चिकटले. मराठीत त्याचे ‘तारकायुद्ध’ झाले. वस्तुतः त्यात तारका कोठेच नव्हत्या. ज्या उंचीवर हे सारे घडते ती बहुधा काही शेकडा किलोमीटरांची, म्हणजे मुंबई-नागपूर अंतराच्या आसपासची असते. परंतु ‘तारकायुद्ध’ म्हटले की गोष्ट दूरची, अद्भुत आणि काहीशी गमतीची वाटू लागते. टीकेसाठी योजलेले उपहासाचे नाव अखेर विषयालाच हलके करून गेले, हा विरोधाभास शैलीच्या अभ्यासकांनी नोंदवण्याजोगा आहे.

सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांनी ऑगस्ट १९८३ मध्ये अशा अस्त्रांवर एकतर्फी स्थगिती जाहीर केली. अमेरिकेने १३ सप्टेंबर १९८५ रोजी एफ-१५ विमानातून सोडलेल्या क्षेपणास्त्राने ‘सोलविंड’ हा उपग्रह फोडला. तो म्हातारा झाला होता, काही उपकरणे थकली होती, हे खरे. पण तो मेलेला नव्हता. त्याच्यावरच्या दुर्बिणीतून वैज्ञानिक सूर्याच्या प्रभामंडळाचे निरीक्षण करत होते आणि सूर्याच्या अगदी निकट जाणारे काही धूमकेतू तिनेच दाखवून दिले होते. एका चालू प्रयोगशाळेला लक्ष्य ठरवताना ‘निरुपयोगी’ हे विशेषण किती सोपेपणाने लावता येते, ते यात दिसते. त्यातून मागोवा घेता येतील असे २८५ तुकडे निघाले आणि शेवटचा तुकडा खाली यायला जवळपास दोन दशके गेली. त्याच वर्षाअखेर अमेरिकी काँग्रेसने पुढील चाचण्यांना लगाम घातला.

४

त्यानंतर एकवीस वर्षे कोणी उपग्रह फोडला नाही. ही शांतता सद्भावनेची होती की गरज नसल्याची, हा प्रश्न ११ जानेवारी २००७ रोजी निकालात निघाला. चीनने शिचांग येथून सोडलेल्या क्षेपणास्त्राने सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर आपला ‘फेंगयुन-१सी’ हा हवामान उपग्रह फोडला. फेंगयुन या शब्दाचा अर्थ वारा आणि ढग. सोलविंडच्या नावातही वाराच होता. जे उपग्रह वाऱ्या-ढगांचे आणि सूर्याचे वाचन करण्यासाठी पाठवले, तेच नेमबाजीला उपयोगी पडले.

चीनने या घटनेला नाव दिले नाही. बारा दिवस मौन पाळले आणि २३ जानेवारीला तिची कबुली देताना ही चाचणी कोणत्याही देशाविरुद्ध नाही, असे सांगितले. हे वाक्य पुढे जवळजवळ शब्दशः इतरांनीही वापरले. तुकडे मात्र कोणाविरुद्ध नसले तरी सर्वांच्या वाटेत होते. त्यांची नोंद तीन हजारांच्या वर गेली.

येथे उंचीचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. तीनशे किलोमीटरांच्या खाली विरळ का होईना हवा असते. तिच्या घर्षणाने तुकडे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत खाली येऊन जळतात. पाचशे-सहाशे किलोमीटरांवर त्याला वर्षे लागतात. साडेआठशेवर दशके, काही तुकड्यांना शतकेही. आणि हे तुकडे तरंगत नसतात. सेकंदाला साडेसात किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पुण्याला वीस सेकंदांत, या वेगाने धावत असतात. त्या वेगात सुपारीएवढा तुकडाही उपग्रह फोडू शकतो, आणि फुटलेला उपग्रह नवे तुकडे निर्माण करतो. डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच या साखळीचे गणित मांडले होते. १० फेब्रुवारी २००९ रोजी ‘इरिडियम-३३’ हा अमेरिकी दूरसंचार उपग्रह आणि निकामी झालेला रशियाचा ‘कोसमॉस-२२५१’ सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले, तेव्हा ते गणित कागदावरचे राहिले नाही.

२१ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेने युद्धनौकेवरून क्षेपणास्त्र सोडून ‘यूएसए-१९३’ हा बिघडलेला हेर-उपग्रह फोडला. कारण दिले ते सुरक्षेचे : त्यातील हायड्राझिन हे विषारी इंधन लोकवस्तीवर पडू नये. उंची सुमारे २५० किलोमीटर होती आणि बेत आधीच जाहीर केलेला होता, ही जबाबदारीची लक्षणे मान्य करावी लागतील. परंतु क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा थोड्याशा फेरफाराने उपग्रहविरोधी होते, हे जगाला त्यातून कळायचे ते कळले.

५

२७ मार्च २०१९ रोजी भारत या पंक्तीत बसला. ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून उडालेल्या क्षेपणास्त्राने सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरचा ‘मायक्रोसॅट-आर’ फोडला. हा उपग्रह जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, २४ जानेवारीला सोडलेला होता. मोहिमेचे नाव ‘मिशन शक्ती’. १९९८ च्या पोखरण स्फोटांनाही हेच नाव होते. आपल्या परंपरेत शक्ती ही देवता आहे, सर्जनाचे तत्त्व आहे आणि बळही आहे. एकाच शब्दातून हे तिन्ही अर्थ एकदम उमटावेत, अशी त्या नावामागची योजना असणार.

शासनाची भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली गेली : ही चाचणी कोणा देशाविरुद्ध नाही, अवकाशातील शस्त्रस्पर्धेत उतरण्याचा भारताचा हेतू नाही आणि उंची मुद्दाम कमी ठेवली आहे. यातील तिसरे विधान खरे आणि महत्त्वाचे होते. फेंगयुनच्या तुलनेत भारताने निश्चितच संयम दाखवला. तरीही धडकेने काही तुकडे वर फेकले गेले. १ एप्रिलला नासाच्या प्रमुखांनी सांगितले की, चोवीस तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या कक्षेच्या वर पोहोचले आहेत. बहुतेक तुकडे लवकर जळाले. काही मात्र सांगितलेल्या पंचेचाळीस दिवसांहून बरेच अधिक काळ फिरत राहिले.

अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा अनुभव आपल्या धोरणकर्त्यांच्या मनात होता, हे उघड आहे. त्या कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केले त्यांनाच अण्वस्त्रधारी मानले. उशीर करणारा कायमचा बाहेर राहिला. उद्या उपग्रहविरोधी चाचण्यांवर बंदी आली, तर रेषा ओढण्यापूर्वी आत असावे, हा विचार व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा म्हणता येणार नाही. आम्हांला त्यातील तर्काचे बळ मान्य आहे. आमचा आक्षेप आहे तो एवढाच की, याच तर्काने पाचवे, सहावे आणि सातवे राष्ट्रही उद्या आपापला उपग्रह फोडील, आणि तेव्हा त्यांना अडवण्यासाठी आपल्याजवळ शब्द उरणार नाहीत.

६

१५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने १९८२ साली सोडलेला आपला ‘कोसमॉस-१४०८’ फोडला. दीड हजारांवर तुकडे झाले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील सात जणांना परतीच्या यानांत आश्रय घ्यावा लागला; त्यांत दोघे रशियाचेच होते. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने धोका नसल्याचे सांगितले.

त्यानंतर वादाने नवे वळण घेतले. रशिया आणि चीन यांनी निःशस्त्रीकरण परिषदेत २००८ मध्ये कराराचा मसुदा ठेवला होता आणि २०१४ मध्ये सुधारून पुन्हा मांडला होता. अवकाशात शस्त्रे ठेवण्यावर त्यात बंदी होती. परंतु जमिनीवरून उडणारी अस्त्रे बाळगण्यावर किंवा त्यांच्या चाचण्यांवर नव्हती, आणि या दोघांनी उपग्रह फोडले ते अशाच अस्त्रांनी. अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये जमिनीवरून उडणाऱ्या अस्त्रांच्या विध्वंसक चाचण्या न करण्याचे जाहीर केले. कक्षेत शस्त्र ठेवण्याविषयी मात्र वचन दिले नाही. प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीला शस्त्र म्हटले आणि स्वतःच्या हातातल्या गोष्टीला अन्य काही. डिसेंबर २०२२ मध्ये अशा चाचण्या थांबवण्याचे आवाहन करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला. नऊ राष्ट्रे तटस्थ राहिली. भारत त्यांपैकी एक.

व्याख्येची अडचण खोटी आहे, असे मात्र नव्हे. २०२२ च्या जानेवारीत चीनच्या ‘शिजियान-२१’ या यानाने एक निकामी उपग्रह ओढत नेऊन वापरातल्या कक्षेबाहेर सोडला. ही अवकाशातली घंटागाडीच म्हणायची. पण जी गाडी मेलेला उपग्रह उचलू शकते ती जिवंतही उचलू शकते. १९७८ साली स्पेस शटलविषयी विचारलेला प्रश्न आज कितीतरी यानांविषयी विचारता येतो. म्हणूनच वस्तूची व्याख्या करण्यापेक्षा कृतीची व्याख्या करावी, म्हणजे ‘शस्त्र कोणते’ यापेक्षा ‘कोणते कृत्य करू नये’ हे ठरवावे, हा अलीकडचा विचार आम्हांला अधिक सुज्ञ वाटतो.

जुनी वाक्येही आता सुरक्षित राहिलेली नाहीत. २४ एप्रिल २०२४ रोजी सुरक्षा परिषदेत अमेरिका आणि जपान यांनी मांडलेल्या ठरावात कक्षेत अण्वस्त्रे न ठेवण्याच्या १९६७ च्या हमीचाच पुनरुच्चार होता. तेरा सदस्यांनी पाठिंबा दिला, चीन तटस्थ राहिला, रशियाने नकाराधिकार वापरला. जे वाक्य सत्तावन्न वर्षे सर्वांना मान्य होते, ते पुन्हा म्हणायला नकार मिळाला.

७

संस्कृतात हातात धरून मारायचे ते शस्त्र आणि फेकून, सोडून मारायचे ते अस्त्र, असा भेद आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन यांची अस्त्रे एकमेकांवर येतात, तेव्हा व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला सोडणे ठाऊक आहे, आवरणे नाही. ते अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाते. आपल्या पूर्वजांना सर्व काही अवगत होते, असल्या दाव्यांसाठी आम्ही ही कथा सांगत नाही. अस्त्रविद्येत सोडण्याइतकेच आवरणे येणे आवश्यक आहे आणि ते न आल्यास जो जन्मलाच नाही त्याच्यावर अस्त्र पडते, एवढा विवेक त्या कवीला होता. साडेआठशे किलोमीटरांवर फिरणारे तुकडे हे न आवरता येणारे अस्त्र आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात चीनच्या ‘शेनझोऊ-२०’ यानाच्या खिडकीला बारीक तुकड्याच्या आघाताने तडे गेल्याचा संशय आल्यामुळे तिघा अंतराळवीरांचे परतणे लांबले आणि त्यांना दुसऱ्या यानातून यावे लागले. असल्या तुकड्यावर कोणत्याही राष्ट्राचे नाव लिहिलेले नसते.

या गोष्टी आपल्यापासून दूरच्या नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्याआधी त्याची वाट उपग्रहांनीच दाखवली होती आणि किनाऱ्यावरची माणसे हलवता आली होती. वाऱ्या-ढगांचे वाचन करणारा उपग्रह जाणे म्हणजे काय, हे श्रीवर्धनच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने यात काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. पुढच्या वेळी अशा चाचणीची बातमी येईल तेव्हा, ती कोणत्याही राष्ट्राची, अगदी आपलीही असो, तिचे निवेदन संहिता म्हणून वाचावे. तिला कोणते नाव दिले आहे. उंची किती होती. ज्यांच्या वाटेत तुकडे जाणार त्यांना आधी विचारले होते काय. आणि ‘कोणाविरुद्ध नाही’ या वाक्यातला ‘कोणी’ नेमका कोण. या प्रश्नांना उत्तरे नसतील, तर नाव कितीही मंगल असले तरी ती मागितली पाहिजेत. विद्यार्थ्यांना आपण शब्दाच्या अर्थाविषयी जागरूक राहायला शिकवतो. ती जागरूकता कवितेपुरतीच ठेवावी, असा नियम कोठे नाही.